सिझेरियननंतरची नॉर्मल प्रसूती: बाळाचे ठोके कसे मोजायचे, हे कळांच्या आधी कसं ठरवावं

कळा सुरू झालेल्या असतात, अंगावर हॉस्पिटलचा गाऊन असतो आणि सिस्टर दोन रुंद इलॅस्टिकचे पट्टे घेऊन येतात. एक पोटाच्या वरच्या बाजूला बांधतात, एक खाली. मशीन सुरू होतं, घोडा दौडत यावा तसा आवाज येऊ लागतो आणि पाठोपाठ वाक्य येतं, "आता हलू नका हं, ठोके जातात."

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मी उठून बसायच्या बेतात होते. पहिलं सिझेरियन झालेलं, या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करायचं ठरलेलं, आणि त्यासाठी हिंडतंफिरतं राहायचं हे नऊ महिने मनावर घेतलेलं. विचारायचं बरंच होतं, पण दोन कळांच्या मधल्या दीड-दोन मिनिटांत कसली बोलणी होतात! मी पाच तास उताणी पडून राहिले. बाळ सुखरूप झालं. तीन दिवसांनी घरी निघताना कळलं की त्याच वॉर्डात बिनवायरचं मशीन होतं. मी विचारलं नव्हतं, म्हणून ते कपाटात चार्जिंगला लावलेलं होतं.

हा लेख म्हणजे मला तेव्हा विचारता यायला हवे होते ते प्रश्न, क्रमाने. तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा तो घेणार नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा हाताशी असावा एवढ्यासाठी आहे.

त्यांचा आग्रह कशासाठी असतो

समोरच्याला कसली भीती आहे हे माहीत नसलं की बोलणी होत नाहीत, नुसती हुज्जत होते. म्हणून आधी ती भीती समजून घेऊ.

सिझेरियनमध्ये गर्भाशयाला दिलेला छेद भरून येतो, पण तिथली भिंत पूर्वीसारखी राहत नाही. कळांच्या ताणाने तो व्रण उसवू शकतो. आधी खालच्या भागातला एकच आडवा छेद झालेला असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर असं साधारण २०० जणींमागे एकीच्या बाबतीत घडतं. कळा औषधाने सुरू केल्या किंवा वाढवल्या तर शक्यता दोन ते तीन पट होते. दुसरीकडे, नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी ७२ ते ७५ जणींना तो साधतो, आणि आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर ८५ ते ९० जणींना. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत हे आकडे आहेत.

आता यात ठोके कुठे आले? व्रण उसवला की पोटात कळवळून दुखेलच किंवा खालून रक्त जाईलच, असं नसतं. सगळ्यात जास्त वेळा सापडणारी खूण म्हणजे बाळाच्या ठोक्यांत झालेला बिघाड. गर्भाशयाची पिशवी फाटलेल्या, म्हणजे व्रण उसवलेल्या, दर तिघींपैकी साधारण दोघींमध्ये, कदाचित त्याहून थोड्या जास्त जणींमध्ये, तो दिसतो. आणि मग हाताशी वेळ फार कमी असतो. १९९३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की ठोके एकदम खाली जाऊन तिथेच राहिल्यापासून बाळ बाहेर यायला १८ मिनिटं किंवा त्याहून जास्त लागली, तिथे बाळांना गंभीर इजा झाली. लेबर रूममधल्या माणसांच्या डोक्यात हेच घड्याळ चालू असतं. म्हणूनच ही ब्रिटिश संस्था आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स, दोन्ही व्हीबॅकसाठी, म्हणजे सिझेरियननंतरच्या नॉर्मल प्रसूतीसाठी, ठोके सतत मोजायला सांगतात.

मात्र मशीनची दुसरी बाजूही माहीत हवी. सतत चालणारं मशीन आणि ठरावीक वेळाने कानाने मोजणं यांची तुलना करणाऱ्या १३ प्रयोगांचा, ३७,००० हून जास्त बायकांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केला. सतत मशीन लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्मं झालं. बाळ दगावण्याच्या किंवा सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूला इजा होऊन हालचालींवर होणाऱ्या परिणामाच्या) प्रमाणात ठळक फरक पडला नाही. आणि सिझेरियनचं प्रमाण सुमारे दीड पटीहून जास्त झालं. यातल्या बहुतेक बायकांचं आधी सिझेरियन झालेलं नव्हतं. फक्त आधी सिझेरियन झालेल्या बायकांवरचा प्रयोग शोधू गेलात तर १०० जणींचा एक छोटासा सापडतो. २०० मध्ये एकदा घडणाऱ्या गोष्टीबद्दल १०० जणींचा प्रयोग काय सांगणार?

म्हणजे व्हीबॅकमध्ये सतत मोजण्याचा सल्ला मोठ्या प्रयोगांवर उभा नाही. व्रण उसवताना पहिली चाहूल बहुधा ठोक्यांतून लागते, या अनुभवावर तो उभा आहे. मला स्वतःला तो पटतो. पुन्हा वेळ आली तर मी पट्टे लावून घेईन. पण पट्टे लावले म्हणजे पलंगाला खिळलंच पाहिजे, संडासला जायचं नाही, आवाज मोठाच ठेवायचा, पट्टीवर, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या ठोक्यांच्या कागदावर, काय दिसतंय ते विचारायचं नाही, हे कुठल्याही मार्गदर्शिकेत लिहिलेलं नाही. घासाघीस करायची ती इथे.

आपली फाइल हातात घ्या

बत्तिसाव्या-तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत मागच्या ऑपरेशनची सविस्तर नोंद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एलएससीएस' (गर्भाशयाच्या खालच्या भागातलं सिझेरियन) एवढंच असतं, ते पुरत नाही. ऑपरेशन करणाऱ्यांनी लिहिलेली मूळ ओटी नोट हवी. तिच्यात पाहायचं ते गर्भाशयावरचा छेद कसा होता. पोटावरचा टाका आडवा असला म्हणून आतला आडवाच असेल असं नाही. आतला छेद उभा आणि वरच्या भागात असेल, किंवा पिशवी आधी कधी फाटलेली असेल, तर नॉर्मलचा प्रयत्नच सहसा करू देत नाहीत आणि हा सगळा लेख गैरलागू होतो.

मग पाहा: मागचं सिझेरियन कशामुळे झालं, दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर आहे का, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, बाळाची वाढ ठीक आहे का, बीपी किंवा साखरेचा त्रास आहे का. व्रणाखेरीज असं आणखी एखादं कारण असेल तर मशीनमध्ये सूट मागायला जागा कमी उरते. मागची प्रसूती ठोके बिघडल्यामुळे सिझेरियनवर गेली असेल, तर त्या वेळचा ठोक्यांचा कागदही मागून पाहा. तो जपून ठेवलेला असतोच असं नाही, पण मागायला काय जातं?

पर्याय नेमके कोणते

'मॉनिटरिंग हवं की नको' असा प्रश्न टाकला की उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. खरं तर मधे बऱ्याच पायऱ्या आहेत.

कानाने किंवा हातातल्या डॉप्लरने, म्हणजे ठोके ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, ठरावीक वेळाने मोजणं ही पहिली. नीट करायचं तर कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ मिनिटांनी, कळ ओसरल्याबरोबर, पूर्ण एक मिनिट. आणि जोर देण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी. गणित करून पाहा: १२ तासांत ४८ वेळा, तेही शेवटचा टप्पा न धरता. म्हणजे एक सिस्टर फक्त तुमच्यासाठी हवी. जिथे एका सिस्टरकडे चार खाटा आहेत तिथे हा पर्याय कागदावर मागून घेतलात, तरी प्रत्यक्षात तासाभराने कुणीतरी येऊन डॉप्लर टेकवून जाईल. ते मोजण्याच्या नावाखाली न मोजणंच झालं, आणि व्रण असताना ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

दुसरी पायरी म्हणजे दाखल होताना २०-३० मिनिटांची पट्टी आणि नंतर अधूनमधून मशीन. बरेच जण हा मधला मार्ग म्हणून सुचवतात. कळा अजून विरळ असताना तो ठीकच आहे. कळा नियमित झाल्यावर मात्र सल्ला सतत मोजण्याचा आहे, तेव्हा 'मधला मार्ग' हे नाव ऐकून फसू नका; तो कोणत्या वेळेपर्यंत, हे विचारा.

तिसरी, नेहमीचं वायरचं सीटीजी मशीन. खालचा गोल चकतीसारखा भाग बाळाच्या पाठीच्या बाजूला ध्वनिलहरी सोडून ठोके पकडतो, वरचा भाग कळ आली की पोट घट्ट झालेलं टिपतो. या वरच्या भागाला कळ किती वेळाने आली आणि किती वेळ टिकली एवढंच कळतं. कळेचा जोर त्याला कळत नाही. स्क्रीनवरचा डोंगर छोटा दिसतो म्हणून "तुम्हाला फार कळा नाहीत" असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. पट्टा सैल असला तरी डोंगर छोटाच दिसतो. वायर साधारण दोन-तीन पावलं जाऊ देते. तेवढ्यात पलंगाशेजारी उभं राहणं, खुर्चीत किंवा मोठ्या चेंडूवर बसणं, पलंगाच्या कडेवर ओणवं होणं सहज जमतं.

चौथी, बिनवायरचं. यात वॉर्डभर फिरता येतं, आणि काही यंत्रं पाण्यातही चालतात, म्हणजे शॉवरखाली बसता येतं. काही ठिकाणी पट्ट्यांऐवजी पोटाला चिकटवायचे इलेक्ट्रोड असतात. ते बाळाच्या हृदयाचे विद्युत संकेत पकडतात आणि वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये बऱ्याचदा साध्या पट्ट्यांपेक्षा नीट चालतात.

पाचवी, बाळाच्या डोक्याच्या त्वचेला लावायचा बारीक इलेक्ट्रोड. यासाठी पाणमोट फुटलेली आणि पिशवीचं तोंड थोडं उघडलेलं असावं लागतं. वरून ठोके सारखे हरवत असतील तर हा उपयोगी पडतो आणि गंमत म्हणजे यानंतर तुम्ही पट्ट्यापेक्षा मोकळेपणाने कूस बदलू शकता. मात्र आईला एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, नागिणीच्या जातीचा जननमार्गातला हर्पिस असेल, बाळाला रक्त न गोठण्याच्या आजाराची शंका असेल किंवा दिवस ३४ आठवड्यांहून कमी भरले असतील तर तो लावत नाहीत. आणि नुसता इलेक्ट्रोड लावता यावा म्हणून पाणमोट फोडणार असतील, तर ते वेगळं पाऊल आहे, त्याची परवानगी वेगळी मागा असं सांगून ठेवा.

गर्भाशयाच्या आत नळी घालून कळांचा दाब मोजण्याचीही एक पद्धत आहे. व्रण उसवणं तिने लवकर कळतं असं दिसलेलं नाही. ब्रिटिश मार्गदर्शिका तर ती नेमाने वापरू नका असंच सांगते. कुणी सुचवली तर कारण विचारा.

चौतिसावा ते छत्तिसावा आठवडा: बोलायची वेळ

नेहमीच्या तपासणीच्या रांगेत हे होत नाही. फोन करून सांगा, "प्रसूतीबद्दल बोलायला वीस मिनिटं हवी आहेत, वेगळी वेळ द्याल का?" नवरा, आई, बहीण, लेबर रूममध्ये जे कुणी सोबत असेल त्यालाही न्या, कारण त्या दिवशी बोलायचं काम त्याचं आहे. प्रश्न लिहून न्या आणि कागद समोर ठेवूनच विचारा. लाजायचं कारण नाही.

सुरुवात सहमतीने करा. मी आता असं म्हणेन: "डॉक्टर, व्रणामुळे ठोके सतत मोजायला हवेत हे मला समजतं आणि माझी त्याला ना नाही. मला हालचाल करता यावी एवढंच हवं आहे. ते कसं जमवता येईल?" या एका वाक्याने समोरच्याचे खांदे सैल होतात. अडून बसणारी पेशंट आली असं वाटून डॉक्टर बचावाला गेले की नियम सांगू लागतात. अडचण मांडली की उपाय सुचवू लागतात.

त्यानंतर हे विचारा:

— मशीन नेमकं कधीपासून लावणार? कळा लागल्याबरोबर की नियमित झाल्यावर?
— बिनवायरचं मशीन आहे का? किती आहेत? ते मला मिळावं म्हणून फाइलवर आत्ताच लिहून ठेवता येईल का?
— पट्टे लावून उभं राहणं, ओणवं होणं, कुशीवर झोपणं चालेल ना? संडासला जाताना किती वेळ काढून ठेवता येतील?
— पट्टी कोण वाचणार? रात्री कोण असतं? दुसरी नजर म्हणून दर तासाला आणखी कुणी पाहतं का?
— पट्टी शंकास्पद वाटली तर सिझेरियनच्या आधी काय काय करून पाहता?
— सिझेरियन तातडीने करायचं ठरलं तर ओटी तयार व्हायला आणि भूल देणारे डॉक्टर पोचायला किती वेळ लागतो?

शेवटचा प्रश्न ठोक्यांचा वाटत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच. मशीन धोक्याची घंटा वाजवतं, आग विझवत नाही. भूलतज्ज्ञ घरून यायला पाऊण तास लागत असेल, तर कितीही चांगलं मशीन लावलं तरी त्या १८ मिनिटांचं काय करायचं? उत्तर ऐकून हॉस्पिटल बदलावंसं वाटलं तर छत्तिसाव्या आठवड्यात ते जमू शकतं. कळा लागल्यावर जमत नाही.

कधी उत्तर येतं, "आमच्याकडे नियम आहे, पडूनच राहावं लागतं." तेव्हा आवाज न चढवता विचारा, "नियम पडून राहण्याचा आहे की ठोके नीट दिसण्याचा?" बहुतेक वेळा दुसरा असतो. मग म्हणा, "उभं राहून ठोके नीट दिसले तर उभी राहीन, दिसेनासे झाले तर लगेच जागा बदलेन. चालेल?" या अटीवर नाही म्हणणं अवघड असतं, कारण ती त्यांचंच म्हणणं मान्य करते. आणि खरंच नाही म्हणाले तर कारण विचारा. पाठीवर सपाट पडलं की मोठ्या रक्तवाहिनीवर गर्भाशयाचा भार येतो, आईचं बीपी उतरू शकतं आणि त्यामुळेच बाळाचे ठोके बिघडू शकतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. मशीन नीट चालावं म्हणून उताणं झोपवायचं आणि उताणं झोपल्याने मशीनवर बिघाड दिसायचा, हा प्रकार मी स्वतः अनुभवला आहे.

सतत मशीन नकोच असेल तर

तो तुमचा हक्क आहे. सल्ला म्हणजे सक्ती नव्हे, आणि शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊन नकार देणाऱ्या बाईच्या पोटाला कुणी जबरदस्तीने पट्टे बांधू शकत नाही. पण नकार अर्धवट ठेवू नका. एकीला एक सिस्टर मिळेल का, मिळणार असेल तर १५ आणि ५ मिनिटांचं वेळापत्रक पाळलं जाईल का, दर वेळी तुमची नाडीही मोजली जाईल का, आणि काय झालं की तुम्ही मशीनला हो म्हणाल, हे चारही ठरवा. माझ्या मते हो म्हणायची कारणं अशी असावीत: ऑक्सिटोसिनचं (कळा वाढवणाऱ्या औषधाचं) सलाईन लावलं, एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी भूल) घेतलं, पाणमोटेतलं पाणी हिरवट आलं, रक्त गेलं, ताप आला, प्रगती थांबली, किंवा कानाने ऐकताना एकदाही ठोके खाली गेलेले सापडले. नकाराची नोंद फाइलमध्ये केली जाईल, कदाचित सहीही मागतील. त्यात चिडण्यासारखं काही नाही. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून सही करा.

कुणी म्हणालं, "मग आम्ही नॉर्मलचा प्रयत्नच करू देणार नाही," तर ती गोष्ट छत्तिसाव्या आठवड्यात कळणं परवडतं. म्हणून पुन्हा सांगते, आधी बोला.

एक पान, त्याहून जास्त नाही

ठरलेलं एका पानावर लिहा, डॉक्टरांना दाखवा, जमल्यास त्यांची सही घ्या आणि फाइलच्या सगळ्यात वर लावा. चार पानांचं कुणी वाचत नाही. माझं आता असं असेल:

"मागचं सिझेरियन एक, खालचा आडवा छेद, ओटी नोट सोबत. कळा नियमित झाल्यावर सतत मॉनिटरिंगला संमती. बिनवायरचं मशीन उपलब्ध असल्यास ते द्यावं. ठोके दिसत असतील तोवर उभं राहणं, बसणं, ओणवं होणं चालू ठेवणार. ठोके हरवल्यास आधी चकती सरकवून, मग कूस बदलून पाहावं. पाणमोट फोडणं, डोक्याला इलेक्ट्रोड लावणं, ऑक्सिटोसिन या प्रत्येकासाठी वेगळी परवानगी घ्यावी. मशीनचा आवाज कमी ठेवावा. तातडीचं संकट असल्यास चर्चा नको, डॉक्टरांचा निर्णय मान्य."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. त्यामुळे वरच्या सगळ्या वाक्यांना वजन येतं.

त्या दिवशी

दाखल होताना पान सिस्टरच्या हातात द्या आणि तोंडीही सांगा. ड्यूटी बदलली की पुन्हा सांगा. हे काम सोबतच्या माणसाचं.

पट्टे बांधताना उताणं न झोपता पाठ उंच करून किंवा ज्या स्थितीत राहायचं आहे त्या स्थितीतच बांधून घ्या. उताणं असताना बरोबर लागलेली चकती तुम्ही उठलात की घसरते आणि "बघा, हलल्यावर ठोके गेले" असं सिद्ध होतं. उठल्यावर पुन्हा जागा शोधायला दोन मिनिटं लागतात, तेवढी मागून घ्या. सोबतच्या माणसाला चकती हाताने धरून ठेवता येते. बाळ खाली सरकत जातं तशी चकतीही ओटीपोटाकडे सरकवत न्यावी लागते, हे लक्षात असू द्या.

मशीन कधी कधी चक्क आईची नाडी बाळाची म्हणून दाखवतं. बाळाचे ठोके साधारण मिनिटाला ११० ते १६० असतात. कळांमध्ये आईची नाडीही सहज ११०-१२० वर जाते. फरक कळावा म्हणून आईच्या बोटाला ऑक्सिमीटरची क्लिप लावतात. ती नसेल तर मागा. व्रण असताना तिचा दुहेरी उपयोग आहे, कारण आईची नाडी विनाकारण वाढत जाणं हीसुद्धा व्रण उसवण्याची एक खूण असते.

स्क्रीनकडे एकटक पाहत बसू नका, आणि सोबतच्यांनाही बसू देऊ नका. कळ आली की माणसं तुमच्याकडे बघायच्या ऐवजी आकड्याकडे बघतात, तो ९० दिसला की त्यांचा चेहरा पडतो आणि तो पडलेला चेहरा तुम्हाला दिसतो. कळेबरोबर ठोके थोडे खाली जाऊन लगेच वर येणं पुष्कळदा निरुपद्रवी असतं. शिवाय कागद मिनिटाला १ सेंटीमीटर वेगाने सरकतो की ३, यावर तीच पट्टी शांत दिसते किंवा भयानक. वाचायचं काम शिकलेल्या डोळ्यांचं आहे. आपण फक्त विचारायचं.

काय विचारायचं? पट्टीचे ढोबळमानाने तीन वर्ग करतात: ठीक, शंकास्पद, वाईट. कुणी कपाळाला आठ्या घातल्या की सोबतच्याने शांतपणे विचारावं, "तिन्हींपैकी कुठे आहे?" ठीक असेल तर प्रश्न मिटला. शंकास्पद असेल तर विचारा, "आता काय करून बघू या?" कूस बदलणं, ऑक्सिटोसिन चालू असल्यास कमी किंवा बंद करणं, बीपी उतरलं असेल तर सलाईन, तपासताना बाळाच्या डोक्याला बोटाने हलकेच चोळून ठोके वाढतात का पाहणं, असे उपाय असतात. आईला नुसता ऑक्सिजन लावायची जुनी रीत आता नेमाने सुचवली जात नाही. मात्र आधी व्रण असलेल्या बाईच्या शंकास्पद पट्टीकडे डॉक्टर जास्त गांभीर्याने पाहतात, ते बरोबरच आहे. पहिलटकरणीला अर्धा तास थांबवतील तिथे तुम्हाला कदाचित थांबवणार नाहीत.

एपिड्युरल घेतलंत तर हिंडणं-फिरणं कमी होईल, पण कुशी बदलणं सुरू ठेवा. एपिड्युरलने व्रणाचं दुखणं झाकलं जाईल ही भीती जुनी आहे. त्यासाठी ते नाकारत नाहीत. उलट, भूल नीट चढलेली असताना अचानक त्यातून दुखू लागलं, सारखा जास्त डोस लागू लागला, तर ते तातडीने सांगायचं.

इथे वाटाघाटी थांबवायच्या

ठोके खाली जाऊन ३ मिनिटं होऊनही वर आले नाहीत. दोन कळांच्या मध्येही पोट दुखत राहिलं, विशेषतः टाक्याच्या जागी. चालू असलेल्या कळा एकाएकी थांबल्या. खाली आलेलं डोकं तपासणीत पुन्हा वर गेलेलं सापडलं. खालून ताजं रक्त गेलं, लघवीत रक्त दिसलं, खांद्याच्या टोकाला दुखू लागलं, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. यातलं काहीही झालं तर मशीन काय म्हणतंय याची वाट पाहू नका. पट्टी चांगली असतानाही व्रण उसवलेला असू शकतो. पिशवी फाटलेल्या तिघींपैकी एकीच्या आसपास बायकांमध्ये ठोक्यांनी चाहूल दिलेलीच नसते, हे उलटून वाचलं तर त्याच आकड्यातून कळतं. "मला काहीतरी बिनसल्यासारखं वाटतंय" एवढं वाक्यही पुरे आहे. ते मोठ्याने म्हणा आणि ऐकलं गेलं नाही तर सोबतच्याने दारात उभं राहून पुन्हा म्हणावं.

बाळ बाहेर आल्यावर

पट्टे काढायला सांगा. आनंदात कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि ते घामेजलेलं इलॅस्टिक तासभर कमरेला रुतत राहतं. यानंतर मोजायची नाडी तुमची असते: रक्तस्राव थांबत नसेल, पोट ताणल्यासारखं दुखत असेल, नाडी चढत असेल तर व्रणाची शंका अजून संपलेली नाही, तेव्हा पहिले काही तास सिस्टर बीपी घ्यायला वारंवार आल्या तर झोपमोड झाली म्हणून परत पाठवू नका.

डिस्चार्जच्या दिवशी प्रसूतीच्या नोंदीची आणि ठोक्यांच्या पट्टीची प्रत मागा. पट्टीचा कागद बहुधा उष्णतेने छापणारा असतो, दोन-तीन वर्षांत फिका पडतो. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.